आवाजाची घडी, आवाजाचा सारांश

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)



कविता लिहिणारा माणूस आज सॉफ्टवेअरवर बोलणार, हे निवेदनात ऐकून काही जण हसले असतील. हसायला हरकत नाही. माझं शिक्षण बी. ए., तेही मराठी विषय घेऊन. संगणकाशी माझी ओळख गरजेपुरती. पण आमच्या नाशिक रोडला गेली काही वर्षं माझ्याकडे जी माणसं येतात, ती कवितेची वही घेऊन कमी आणि कॅसेट घेऊन जास्त येतात. कुणाच्या वडिलांची भजनं, कुणाच्या घरातली हळदीची गाणी, कुणाच्या आजोबांनी जयंतीला म्हटलेला पोवाडा, एखादा मुशायरा, एखादं कविसंमेलन. चार कार्यक्रमांचं सूत्रसंचालन केलेल्या माणसाकडे टेपरेकॉर्डर असणारच, असा लोकांचा समज. तो माझ्याकडे आहेही.

कॅसेटच्या जोडीला आता मोबाईल आला आहे. जुन्या फोनमधली ‘एएमआर’ फाईल, व्हॉट्सॲपवर आलेली ‘ओपस’, आयफोनमधली ‘एम फोर ए’, पूर्वीच्या विंडोज संगणकातली ‘डब्ल्यूएमए’. एक यंत्र वाजवतं, दुसरं वाजवत नाही. मग प्रश्न येतो, ‘भाई, हे सगळं एमपी थ्री करायचंय. कोणतं सॉफ्टवेअर चांगलं?’

मी उलट विचारतो, ‘करून काय करायचंय?’ जपून ठेवायचंय, की मोटारीत ऐकायचंय, की कुणाला पाठवायचंय? भांड्याच्या दुकानात जाऊन नुसतं ‘चांगलं भांडं द्या’ म्हटलं तर दुकानदार काय देणार? दूध तापवायचं भांडं वेगळं आणि धान्य साठवायचं वेगळं. आवाजाचंही तसंच आहे. काम ठरलं की फॉरमॅट ठरतो आणि फॉरमॅट ठरला की सॉफ्टवेअर निवडणं सोपं होतं. बहुतेक जण हा क्रम उलटा धरतात. त्यात जे नुकसान होतं, ते अनेकदा भरून येत नाही. म्हणून आजचं हे बोलणं.

आधी फॉरमॅट म्हणजे काय, ते घरगुती भाषेत पाहू. आवाज म्हणजे हवेतली लाट. कॅसेटच्या फितीवर ती चुंबकीय रूपात उमटते. फिलिप्स कंपनीने ही छोटी कॅसेट १९६३ साली आणली. तिच्यातली फीत सेकंदाला पावणेपाच सेंटिमीटरच्या आसपास सरकते. संगणकाला लाट तशीच्या तशी ठेवता येत नाही. तो लाटेची मापं घेतो. सीडीच्या दर्जाचा आवाज हवा असेल तर एका सेकंदात ४४,१०० वेळा माप घ्यायचं, तेही डाव्या आणि उजव्या अशा दोन्ही बाजूंचं. ही सगळी मापं ओळीने लिहून ठेवली की झाली ‘वेव्ह’ फाईल. मायक्रोसॉफ्ट आणि आयबीएम या कंपन्यांनी हा प्रकार १९९१ साली आणला. एक तासाच्या कॅसेटची अशी फाईल साधारण ६३५ एमबीची होते. त्या काळच्या संगणकांना हे ओझं पेलणारं नव्हतं. म्हणून आवाज लहान कसा करायचा, यावर डोकी चालली. त्यातून दोन वाटा निघाल्या.

पहिली वाट घडी घालण्याची. चादर नीट घडी घातली की ट्रंकेत मावते आणि उलगडली की तीच चादर मिळते. एक धागाही कमी होत नाही. ‘फ्लॅक’ हा फॉरमॅट या जातीचा. जॉश कोल्सन नावाच्या प्रोग्रामरने तो तयार केला आणि त्याची पहिली पक्की आवृत्ती २००१ साली आली. आवाज कसा आहे त्यावर अवलंबून, पण फाईल साधारण निम्म्यापर्यंत उतरते. पुन्हा वेव्ह केली की प्रत्येक माप जिथल्या तिथे परत मिळतं.

दुसरी वाट सारांशाची. ‘एमपी थ्री’ या वाटेवरचं सगळ्यात प्रसिद्ध नाव. जर्मनीतल्या फ्राउनहोफर संस्थेच्या संशोधकांचा त्यात मोठा वाटा आहे. एमपी थ्री हे शेपूट फाईलच्या नावाला लागलं ते १९९५ साली. त्यामागचा विचार हुशारीचा आहे. मोठा आवाज चालू असताना त्याच्या लगतचा बारीक आवाज आपल्या कानाला जाणवत नाही. मग तो साठवायचा कशाला? जे जाणवणार नाही असा हिशेब निघतो, ते एमपी थ्री गाळून टाकतं. सेकंदाला १२८ किलोबिट या नेहमीच्या दराने केलेली तासाभराची फाईल ५८ एमबीच्या आत बसते, म्हणजे वेव्हच्या अकराव्या हिश्श्यात. एएसी, ओपस, डब्ल्यूएमए, एएमआर हे सगळे सारांशाच्याच घराण्यातले. फरक एवढाच, की कुणी सारांश शहाणपणाने करतं, कुणी घाईने.

सारांश वाईट असतो असं नाही. वर्तमानपत्रात भाषणाचा सारांशच येतो. पण सारांश हातात ठेवून मूळ भाषण रद्दीत घातलं, तर पुढे कधी शंका आली की विचारायचं कुणाला?

हे मला संगणकाआधी लिपीने शिकवलं. आमच्या घरात दखनी बोलतात. मी मराठीत लिहितो आणि मुशायऱ्यात उर्दू ऐकतो. उर्दू लिपीत ‘स’ या एकाच उच्चारासाठी तीन अक्षरं आहेत, से, सीन आणि स्वाद. देवनागरीत या तिघांचा एकच ‘स’ होतो. आता ‘सदा’ हा शब्द घ्या. सीनने लिहिला तर अर्थ ‘नेहमी’. स्वादने लिहिला तर अर्थ ‘हाक’, ‘आवाज’. देवनागरीत दोन्ही ‘सदा’च. म्हणायला काही अडत नाही. ऐकणारा संदर्भावरून अर्थ लावतो. पण हाच मजकूर परत उर्दू लिपीत उतरवायला एखाद्या नवख्या माणसाला सांगा. सीन लिहायचा की स्वाद, हे तो कुठून आणणार? ती माहिती देवनागरीत आलेलीच नाही. मी देवनागरीवर जीव लावणारा माणूस आहे. माझी सगळी कविता त्याच लिपीत आहे. तरी उर्दू शायराची वही देवनागरीत उतरवून झाली म्हणून मूळ वही फेकून द्या, असं मी कुणालाही सांगणार नाही.

एमपी थ्रीपासून वेव्ह करणं हे त्या उलट्या लिप्यंतरासारखं आहे. फाईल आकाराने अकरा पट होते, गाळलेलं परत येत नाही. आपण नाशिक रोडकर, नोटा छापणाऱ्या गावातली माणसं. करन्सी नोट प्रेस इथे १९२८ पासून आहे. नोटेची झेरॉक्स कितीही भारी कागदावर काढली तरी ती नोट होत नाही, हे आपल्याला वेगळं सांगायला नको. तरीही ‘तुमची जुनी फाईल उच्च दर्जाची करून देतो’ म्हणणारं सॉफ्टवेअर दिसलं की आपण भुलतो.

आणखी एक गोष्ट लक्षात घ्या. सारांशाचा पुन्हा सारांश केला की दोनदा गळती होते. एएमआरचं एमपी थ्री केलं, त्याचं पुन्हा एएसी केलं, की दर वेळी नवा प्रोग्राम आपल्या हिशेबाने काही ना काही गाळतो. कॅसेटसमोर मोबाईल धरून व्हॉइस नोट करणं तर सारांशाचाही ऐकीव वृत्तांत.

माझ्या परिचयातल्या एका घरात हे प्रत्यक्ष घडलं. घरातले आजोबा शाहीर होते. त्यांच्या कॅसेट एका दुकानात नेऊन दिल्या. दुकानदाराने एका डिस्कमध्ये जास्तीत जास्त मावावं म्हणून अगदी कमी दराच्या फाईली करून दिल्या. घरी ऐकलं, शब्द कळत होते, सगळे खूश झाले. घराला रंग काढताना कॅसेटची पेटी भंगारात गेली. पुढे नातवाला आजोबांचा पोवाडा मोठ्या स्पीकरवर लावावासा वाटला. डफाची थाप पाण्याखालून आल्यासारखी, टाळ्यांचा नुसता सळसळाट, आणि आजोबा ‘श’ म्हणतात की ‘स’ हे कळेना. नातवाने इंटरनेटवर शोधून चार सॉफ्टवेअर लावून पाहिली. फाईल मोठी झाली, आजोबा तेवढेच राहिले. दोष सॉफ्टवेअरच्या नावाचा नव्हता. मूळ काय ठेवायचं, हे कुणी ठरवलंच नव्हतं.

‘श’ आणि ‘स’ची गोष्ट आली म्हणून सांगतो. ही अक्षरं उच्चारताना जी बारीक शीळ निघते, ती वरच्या पट्टीतली असते. जुन्या मोबाईलमधला एएमआर हा टेलिफोनवरच्या बोलण्यासाठी केलेला प्रकार. तो साधारण ३,४०० कंपनांच्या वरचं ऐकतच नाही. फोनवर नाव सांगताना ‘स, ससाण्यातला स’ असं म्हणावं लागतं ते याचमुळे. कवितेला हे परवडत नाही. कवितेत अर्धं काम नादाचं असतं.

आता एक मोठं उदाहरण देतो. ते आपल्या मराठीतलंच आहे. पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी पॉइटव्हँ यांनी १९८०च्या दशकापासून गावोगावच्या बायकांकडून जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या. एक हजाराहून जास्त गावं आणि एक लाखाहून जास्त ओव्या असा तो संग्रह. आधी तो मुख्यतः लिहून घेतलेला होता. १९९०च्या दशकात बर्नार्ड बेल हे फ्रेंच संगीत-अभ्यासक आणि तंत्रज्ञ त्यात आले. त्यांनी शंभराहून अधिक तासांचं ध्वनिमुद्रण केलं आणि सगळा मजकूर संगणकावर मांडला. २०१७ पासून ‘पारी’ म्हणजे पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया हे संकेतस्थळ या ओव्या आवाज, मजकूर आणि भाषांतरासह लोकांपुढे ठेवतं आहे. राईरकर आणि पॉइटव्हँ दोघंही आज हयात नाहीत. ओव्या गाणाऱ्या कित्येक बायकाही नाहीत. विजेची गिरणी आली तसं घरातलं जातंही थांबलं.

हे काम पाहताना मला आमच्या दखनीतले ‘चक्कीनामे’ आठवतात. विजापूरच्या सूफी परंपरेत, सतराव्या शतकाच्या आसपास, बायकांनी दळताना म्हणायची गाणी रचली गेली. रिचर्ड ईटन यांनी विजापूरच्या सूफींवर जे संशोधन केलं, त्यात त्यांची चर्चा आहे. त्यांचे शब्द हस्तलिखितांत उरले. चाल कशी होती, श्वास कुठे घेतला जाई, हसू कुठे येई, हे कायमचं गेलं. त्या काळी दुसरा इलाजच नव्हता. आपल्याकडे इलाज आहे.

ओवीच्या उदाहरणात आपल्या प्रश्नाचं उत्तरही दडलं आहे. एकाच आवाजाची निरनिराळी रूपं लागतात. अभ्यासकाला मूळ, न गाळलेली फाईल हवी. गावाकडे मोबाईलवर ऐकणाऱ्या नातीला लहान फाईल हवी. लहान फाईल मोठीपासून कधीही करता येते, मोठी लहानीपासून करता येत नाही. म्हणून नियम एकच. पहिली उतरवणी वेव्हमध्ये करा किंवा फ्लॅकमध्ये, आणि तिला हात लावू नका. एमपी थ्री तिच्यापासून काढा, हवी तितकी. जगभरच्या ध्वनिसंग्रहालयांची ‘आयासा’ ही संघटना तर सेकंदाला निदान ४८,००० मापं, प्रत्येक माप २४ बिटांचं, असा आग्रह धरते. तसं केलं तर तासाला एक जीबीच्या थोडं वर जातं. आजच्या हार्ड डिस्कला ते जड नाही. घरातल्या तासाभराच्या चाळीस-पन्नास कॅसेट साधारण पन्नास जीबीत बसतात, फ्लॅक केल्या तर त्याहून कमी जागेत.

आता सॉफ्टवेअर. मी निवडताना पाच प्रश्न विचारतो.

पहिला, माझ्याकडे जे आहे ते याला उघडता येतं का? जुन्या एएमआरपाशी अनेक प्रोग्राम अडतात.

दुसरा, काय गाळायचं हे मला ठरवू देतं का? दर किती, एक बाजू की दोन, मापं किती, हे स्पष्ट विचारणारा प्रोग्राम चांगला. नुसतं ‘उत्तम’, ‘मध्यम’ आणि ‘लहान’ अशी तीन बटणं दाखवणारा प्रोग्राम आपल्यापासून काहीतरी झाकतो.

तिसरा, मूळ फाईल जागेवर राहते का? नवी फाईल वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवणारा प्रोग्राम घ्या. जुनीवरच नवी लिहिणारा नको.

चौथा, माझा आवाज माझ्याच संगणकात राहतो का? यावर थोडं नंतर बोलतो.

पाचवा, फाईलला मराठीत नाव दिलं तर ते टिकतं का? काही जुने प्रोग्राम देवनागरी नावाच्या जागी प्रश्नचिन्हं छापतात. पन्नास फाईलींची नावं पन्नास प्रश्नचिन्हं झाली की कोणती कुणाची, हे शोधण्यात महिना जातो.

या चाळणीतून माझ्यापुरती चार नावं उरली. चारही फुकट आहेत, आणि त्यांची मूळ संहिता सगळ्यांना खुली आहे. हे महत्त्वाचं आहे. एखादी कंपनी बंद पडली तरी खुल्या संहितेवर दुसरा कुणी काम पुढे नेऊ शकतो.

कॅसेटवरून आवाज संगणकात घ्यायचा आणि कापायचा असेल तर ‘ऑडॅसिटी’. १९९९ साली अमेरिकेतल्या कार्नेगी मेलन विद्यापीठात डॉमिनिक मॅझोनी आणि रॉजर डॅनेनबर्ग यांनी ते सुरू केलं. आवाजाची लाट पडद्यावर दिसते, त्यामुळे नवख्यालाही चटकन कळतं. एक मात्र लक्षात ठेवा. त्यात ‘सेव्ह’ केलं की त्याची स्वतःची कामाची वही जतन होते. ती दुसऱ्या कुणाकडे वाजत नाही. वाजणारी फाईल हवी तर ‘एक्सपोर्ट’ करायचं. जुन्या पुस्तकांत असंही वाचाल, की एमपी थ्री करायला ‘लेम’ नावाचा तुकडा वेगळा उतरवून जोडावा लागतो. ते पेटंटच्या काळातलं. फ्राउनहोफरने २०१७ साली एमपी थ्रीचे परवाने देणं थांबवलं. २०१९ पासून विंडोज आणि मॅकच्या ऑडॅसिटीत तो तुकडा आतच असतो. २०२१ मध्ये ऑडॅसिटी म्यूज ग्रुप या कंपनीकडे गेलं, तेव्हा वापरणाऱ्यांची माहिती गोळा करण्यावरून मोठा गदारोळ झाला आणि कंपनीला धोरणाचा मजकूर बदलावा लागला. फुकट सॉफ्टवेअरही डोळे उघडे ठेवून वापरावं, एवढाच त्याचा अर्थ.

पन्नास फाईली एका दमात बदलायच्या असतील तर ‘फ्रीॲक’. ‘फ्री ऑडिओ कन्व्हर्टर’ या शब्दांची आद्याक्षरं जुळवून केलेलं हे नाव. रॉबर्ट काउश या जर्मन प्रोग्रामरचं हे काम. फाईली ओढून टाकायच्या, फॉरमॅट निवडायचा, चहा पिऊन यायचं.

एखादी फाईल कशानेच उघडत नसेल तर ‘एफएफएमपेग’. फाब्रिस बेलार यांनी २००० साली सुरू केलेलं हे अवजार इतर अनेक प्रोग्रामच्या पोटात बसून काम करतं. ऑडॅसिटीलाही काही फॉरमॅट उघडायला याचीच मदत जोडावी लागते. त्याला चित्रं नाहीत, बटणं नाहीत. काळ्या खिडकीत हुकूम टाइप करावा लागतो. घरात अभियांत्रिकीला जाणारा भाचा किंवा पुतणी असेल तर हे काम तिकडे द्या. तेवढ्यासाठी का होईना, मुलं आजोबांचा आवाज ऐकतील.

आणि एखाद-दुसरी फाईल बदलायची असेल तर ‘व्हीएलसी’. पॅरिसच्या विद्यार्थ्यांनी १९९६ साली सुरू केलेला हा प्रोग्राम आपल्याकडे चित्रपट पाहायला सगळे वापरतात. त्यात फाईल बदलण्याची सोय आहे, हे फार थोड्यांना ठाऊक असतं. २०२२ साली त्याचं अधिकृत संकेतस्थळ भारतात काही महिने बंद होतं. नोव्हेंबरमध्ये ते पुन्हा उघडलं. अशा वेळी माणूस भलत्याच ठिकाणाहून तोच प्रोग्राम उतरवायला जातो. ते करू नका. सॉफ्टवेअर नेहमी ज्याचं त्याच्याच दारातून घ्यावं.

आता चौथ्या प्रश्नाकडे येतो. इंटरनेटवर अशी शेकडो ठिकाणं आहेत, जी म्हणतात, ‘फाईल इथे टाका, बदलून घ्या, फुकट.’ मार्च २०२५ मध्ये अमेरिकेच्या एफबीआयच्या डेन्व्हर कार्यालयाने इशारा दिला, की फाईल बदलून देण्याच्या नावाखाली काही ठिकाणं संगणकात घातक प्रोग्राम सोडतात आणि फाईलमधली खासगी माहितीही उचलतात. सगळीच तशी नसतील. पण मला त्याहून साधी गोष्ट खटकते. लग्नाच्या आदल्या रात्री घरातल्या बायकांनी आपसात म्हटलेली गाणी असतात. त्यात थट्टा असते, व्याह्यांवर टोमणे असतात, मध्येच एखादीचं रडू असतं. ती गाणी त्यांनी घरासाठी म्हटली होती. ती अनोळखी यंत्रावर चढवण्याआधी निदान हयात असलेल्या खालाला, मावशीला, आत्याला विचारायला नको का? फॉरमॅट बदलताना आवाजाचा मालक बदलत नाही.

अजून एक मोह सांगतो, आवाज ‘साफ’ करण्याचा. बहुतेक प्रोग्राममध्ये खरखर काढण्याचं बटण असतं. कॅसेटची सूं सूं कमी होते, ऐकायला बरं वाटतं. पण यंत्राला नको असलेला आवाज कोणता, हे कुठे कळतं? दळता दळता म्हटलेली ओवी असेल तर मागची घरघर जात्याची असते. यंत्र तिला खरखर समजून पुसून टाकेल. मग बाई गाते आहे आणि जातं मुकं आहे, अशी ओवी उरेल. मुशायऱ्यात शेर संपण्याआधीच मागून उठणारी ‘वाह’, आमच्या नाशिक रोडच्या कार्यक्रमांत नेमकी शेवटच्या ओळीवर येणारी रेल्वेची शिटी, हेही त्या वेळेचं आहे. साफसफाई करायची तर ऐकण्याच्या प्रतीवर करा. मूळ प्रत आहे तशी राहू द्या. उद्या याहून चांगली यंत्रं येतील. त्यांना काम करायला मूळ लागेल.

निवड करताना जाहिरातीवर जाऊ नका, कानावर जा. आपल्या ध्वनिमुद्रणातले तीन तुकडे काढा, प्रत्येकी एक मिनिटाचे. एक शांत बोलण्याचा, एक टाळ्यांचा, एक डफ किंवा ढोलकीचा. तिन्ही तुकडे ६४, १२८ आणि १९२ या दरांनी एमपी थ्री करा. घरातल्या दुसऱ्या कुणाला तरी, दर न सांगता, ऐकवा. नुसत्या बोलण्याला एका बाजूचा ६४चा दर पुरतो, असं बहुधा दिसेल. टाळ्या आणि ढोलकी मात्र कमी दराचं पितळ लगेच उघडं पाडतात. ज्या दरापुढे फरक कळेनासा होतो, तो तुमचा दर. तो प्रत्येक घराचा वेगळा असू शकतो.

एवढं झालं की सॉफ्टवेअरचं काम संपतं आणि माणसाचं सुरू होतं. फाईलला नाव द्या. कोण बोलतंय, कुठे, कोणत्या साली, मागे कोण हसतंय, हे आज सांगू शकणारं माणूस घरात आहे तोवर विचारून लिहून घ्या. ‘ट्रॅक ०१’ नावाच्या फाईलीतला आवाज वीस वर्षांनी कुणाचाच नसतो. मूळ फाईलच्या तीन प्रती ठेवा. त्यातली एक दुसऱ्या घरात, भावाकडे किंवा बहिणीकडे. वर्षातून एकदा, दिवाळीला म्हणा, ईदला म्हणा, ती डिस्क लावून एक फाईल वाजवून पाहा. आणि कॅसेट टाकू नका. कोरड्या, थंड जागी, स्पीकर आणि चुंबकापासून लांब, उभ्या ठेवा.

कॅसेट कायम टिकत नाही. फीत जुनी होते, तिच्यावरचा लेप सुटायला लागतो, आणि ती वाजवणारं धड यंत्र मिळणं दर वर्षी अवघड होत चाललं आहे. सॉफ्टवेअर पुढच्या वर्षीही मिळेल, कदाचित आजच्याहून चांगलं मिळेल. फितीचं तसं नाही. म्हणून कोणतं सॉफ्टवेअर सर्वांत चांगलं, या वादात सहा महिने घालवू नका. जे मूळ आवाज न गाळता ठेवू देतं ते घ्या, आणि येत्या रविवारी घरातली सर्वांत जुनी कॅसेट लावा. पहिली प्रत घडीची करा. सारांश मग केव्हाही करता येईल.